आणि लाल रेघ सपाट आली!

हरभऱ्याच्या प्रोटीनच्या रेणूचं वजन मी केलं! दुसऱ्या कशाशी ताडून नाही, अंदाजपंचे नाही, पुस्तकातल्या आकड्यावर भिस्त ठेवून तर नाहीच. वाहत्या द्रावणावर लाल लेझरचा झोत सोडला, रेणूंनी किती प्रकाश आजूबाजूला उधळला ते मोजलं, आणि पडद्यावर उत्तर हजर: दीडशे किलोडाल्टनच्या आसपास. नुसता आकडा नव्हे हं! निळ्या शिखराच्या माथ्यावरून आडवी गेलेली, ठिपक्या-ठिपक्यांची लाल रेघ. शिखर चढतंय, उतरतंय, आणि रेघ मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट. माझ्या तोंडून बाहेर पडलं, "अगं बाई!" शेजारी उभ्या असलेल्या यॉर्कशायरच्या टेक्निशियन बाईंना त्यातलं अक्षरही कळलं नसणार, पण त्या हसल्या. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण काही ना काही ओरडतोच म्हणाल्या.

या जोडगोळीचं पूर्ण नाव साइझ एक्सक्लूजन क्रोमॅटोग्राफी आणि मल्टि-अँगल लाइट स्कॅटरिंग. लॅबमध्ये कुणाला एवढा वेळ नाही, सगळे 'सेक-मॅल्स' म्हणून मोकळे होतात. मी मूळची फूड सायन्सवाली, डाळींच्या प्रोटीनवर काम करणारी. इंग्लंडमध्ये सध्या वाटाणा आणि हरभरा यांना भलताच भाव आहे. दुधाविना दूध, मांसाविना सॉसेज, सगळ्यांना वनस्पतींची प्रोटीनं हवीत. त्यामुळे लीड्समध्ये येऊन मी काय करते, तर चण्याचं पीठ भिजवते. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यासाठी एवढ्या लांब कशाला गेलीस?" तिला आता उत्तर मिळालंय. त्याच संध्याकाळी फोन केला: "आई, हरभऱ्याच्या प्रोटीनचं वजन केलं!" पलीकडून शांतपणे प्रश्न: "किती भरलं?"

आता हे सगळं घडतं कसं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कॉलम म्हणजे एक उभी नळी. आत बारीक, सच्छिद्र मणी ठासून भरलेले. वरून बफर संथपणे वाहत असतं, त्यात तुमच्या नमुन्याचा एक थेंब सोडायचा. पुण्याच्या तुळशीबागेत रविवारी संध्याकाळी काय होतं आठवा. मोठं गाठोडं डोक्यावर घेतलेला हमाल कुठल्याच बोळात शिरू शकत नाही, तो मधल्या वाटेने सरळ बाहेर पडतो. मोकळ्या हाताची पोरगी प्रत्येक बोळात, प्रत्येक दुकानात डोकावत शेवटी बाहेर येते. तसंच इथे. मोठे रेणू मण्यांच्या छिद्रांत शिरू शकत नाहीत, ते आधी बाहेर. छोटे आत-बाहेर करत रेंगाळतात, ते नंतर. बाहेर पडणाऱ्या द्रावणावर २८० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकायचा. प्रोटीन आलं की ते प्रकाश शोषतं आणि पडद्यावर शिखर उभं राहतं. हे मी अनेक वर्षं करत आले आहे, प्रोटीनच्या प्रत्येक लॅबमध्ये हे चालतं.

ही कल्पना मुळात कुठे जन्मली माहीत आहे? लंडनमधल्या एका प्रसूतिगृहात! क्वीन शार्लट्स हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत ग्रँट लेथ आणि कॉलिन रुथवेन या दोघांनी १९५५-५६ साली स्टार्चचे कॉलम भरले आणि रेणू आकारमानानुसार वेगळे होतात हे दाखवलं. साधा स्टार्च, पाण्यात फुगवलेला! पण फुगलेल्या स्टार्चमधून पाणी उतरायला वेळ फार लागे. १९५९ साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या पोराथ आणि फ्लोडिन यांनी डेक्स्ट्रानच्या जेलचे मणी आणले, ते 'सेफाडेक्स' नावाने जगभर गेले, आणि प्रसूतिगृहातला स्टार्च तळटिपेत जाऊन बसला. लेथ पुढे आमच्या लीड्समध्येच केमिकल पॅथॉलॉजीचे प्राध्यापक झाले. 'आमच्या' म्हणायचा मला अजून फारसा हक्क नाही, पण म्हणते.

तर शिखर कधी आलं ते कळलं. पण वजन? त्याची रीत बसवून दिली पीटर अँड्र्यूज यांनी, रेडिंगजवळच्या शिनफील्ड इथल्या दुग्धसंशोधन संस्थेत, १९६४ साली. वजन आधीच माहीत असलेली प्रोटीनं कॉलममधून सोडायची, कोण कधी बाहेर पडतं त्याचा आलेख काढायचा, मग आपलं अनोळखी प्रोटीन त्या आलेखावर बसवायचं. साठ वर्षं सगळं जग हेच करतंय. माहितीतल्या प्रोटीनांचे संच बाजारात विकत मिळतात. त्या संचात एक लालसर कुपी हमखास असते, सायटोक्रोम सी, साधारण साडेबारा किलोडाल्टनचं.

इथे थोडी वाट सोडते, कारण ही कुपी हातात घेतली की मला कमला सोहोनी आठवतात. तेव्हाच्या कमला भागवत, लेखिका दुर्गाबाईंची धाकटी बहीण. १९३३ साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश घेतलाच, आणि तिथे काम कशावर केलं, तर दूध आणि डाळींमधल्या प्रोटीनांवर. मग केंब्रिजला गेल्या, वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असतं हे बटाट्यावर काम करताना दाखवलं आणि १९३९ साली पीएच.डी. घेऊन परतल्या. डाळीचं प्रोटीन घेऊन विलायतेत आलेली मी काही पहिली मराठी मुलगी नव्हे, हा विचार इथल्या पावसाळी दुपारी फार आधार देतो.

तर अँड्र्यूज यांची रीत सुंदर आहे, पण तिच्या पोटात एक गृहीतक दडलेलं आहे: तुमचं प्रोटीन संचातल्या प्रोटीनांसारखंच गोल, घट्ट आहे, आणि ते मण्यांना चिकटत नाही. लांबुडकं असेल तर ते लवकर बाहेर पडतं आणि जास्त जड भासतं. मण्यांना जरा लगट करणारं असेल तर उशिरा येतं आणि हलकं भासतं. म्हणजे कॉलम सांगतो ते रेणूच्या फुगवट्याबद्दल, त्याच्या वजनाबद्दल नव्हे. माझ्या हरभऱ्याच्या प्रोटीनला, म्हणजे व्हिसिलिनला, आलेखाने दोनशेच्या वर नेऊन ठेवलं होतं. इलेक्ट्रोफोरेसिसच्या जेलवर चालवलं तर पन्नासच्या आसपास पट्टा आणि खाली त्याचे तुकडे, कारण तिथे डिटर्जंट घालून रेणू आधीच सुटा केलेला असतो. मग खरं काय? पन्नासाचे तीन एकत्र की चार?

आणि नेमकं इथे लेझर येतो!

कॉलममधून बाहेर आलेलं द्रावण काचेच्या एका छोट्या कक्षातून जातं. त्यातून लाल लेझर आरपार जातो. कक्षाच्या भोवती वेगवेगळ्या कोनांवर डोळे लावलेले असतात, काही यंत्रांत तीन, मोठ्या यंत्रांत अठरा. रेणू प्रकाश उधळतो आणि ते डोळे तो टिपतात. आता यातली गंमत ऐका. दोन सुटे रेणू आले तर दोघांचा मिळून दुप्पट प्रकाश. पण तेच दोघं एकमेकांना चिकटून आले तर त्यांच्या लहरी एका तालात मिळतात, आणि प्रकाश होतो एकट्याच्या चौपट. म्हणजे द्रावणात प्रोटीन तेवढंच, ग्रॅमभरही कमी-जास्त नाही, फक्त जोडी जमली आणि उजेड दुपटीने वाढला! उधळलेला प्रकाश हा प्रोटीनचं प्रमाण गुणिले त्याचा रेणुभार असा असतो. प्रमाण वेगळं मोजलं की भागाकार करायचा, वजन हातात. त्याला ओळखीचं प्रोटीन लागत नाही, आलेख लागत नाही, आकाराबद्दल कसलं गृहीतक लागत नाही. यंत्राचं स्वतःचं मोजमाप टोल्युइनवर एकदा बसवून घेतलं की झालं.

प्रमाण मोजायला तिसरा डिटेक्टर असतो, अपवर्तनांकातला फरक टिपणारा. हा मला तिघांत सर्वांत साधा भोळा वाटला होता, पण तो भारी निघाला. अतिनील प्रकाशाला प्रोटीनमधला ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन दिसतो. व्हिसिलिनच्या कुळात ट्रिप्टोफॅनचा तुटवडा, त्यामुळे अतिनील डिटेक्टरला माझं प्रोटीन अंधुकच दिसतं. अपवर्तनांकाला असला पक्षपात नाही. एका मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम प्रोटीन विरघळलं तर अपवर्तनांक जवळपास ०.१८५ ने वाढेल या हिशेबाने तो चालतो, आणि हा आकडा बहुतेक सगळ्या प्रोटीनांना थोड्याफार फरकाने लागू पडतो. अंड्यातलं असो, रक्तातलं असो, चण्यातलं असो.

संगणक शिखराचे बारीक बारीक काप करतो आणि प्रत्येक कापाचं वजन वेगळं काढतो. म्हणून ती ठिपक्यांची रेघ. रेघ सपाट असेल तर शिखराच्या चढावर, माथ्यावर, उतारावर तेच एक प्रोटीन, भेसळ नाही. रेघ कलली तर समजायचं की एका शिखराच्या पांघरुणाखाली दोघं-तिघं झोपलेत. माझं व्हिसिलिन: दीडशे, सपाट. पन्नासाचे तीन! आलेखाने सांगितलेलं दोनशे हे त्याच्या फुगवट्याचं माप होतं, हे तीन रेणूंचं चपटं त्रिकूट आहे आणि जागा जास्त व्यापतं. एका दुपारी, एका थेंबात, तासाभराच्या आत.

याच नमुन्यात त्याच्या आधी येणारं दुसरं शिखर होतं, लेग्युमिनचं. पुस्तकात लिहिलंय सहा रेणूंचा संच, साडेतीनशेच्या आसपास. इथे रेघ सपाट नव्हती. साडेतीनशेला सुरू झाली आणि उतारावर दोनशेकडे घसरत गेली. म्हणजे माझ्या बफरमध्ये काही षट्कं फुटून त्रिकुटं होत होती. मीठ कमी केलं, आम्लता वाढवली की लेग्युमिन असं फुटतं, हे वाचलेलं होतं. वाचणं वेगळं आणि डोळ्यांदेखत रेघ घसरताना पाहणं वेगळं. मीठ वाढवून पुन्हा सोडलं. रेघ बरीच सरळ झाली! मी खुर्चीत बसूच शकत नव्हते.

आणि हे तर अजून काहीच नाही. शिखरांच्या कितीतरी आधी, कॉलममधून सर्वांत पहिल्यांदा जे बाहेर पडतं तिथे, अतिनीलच्या आलेखावर एक किरकोळ उंचवटा होता. इतका बारका की बेसलाइनचा थरकाप समजून कुणीही सोडून दिला असता. त्याच जागी लेझरच्या आलेखावर काय होतं? सुळका! व्हिसिलिनच्या शिखरापेक्षा उंच! वजन काही दशलक्ष डाल्टन, आणि रेघ वरून खाली तिरपी. हे अॅग्रीगेट. एकमेकांना चिकटून गोळा झालेलं प्रोटीन, कधी शेकड्यांनी, कधी हजारांनी.

हिशेब करून पाहा, डोकं चक्रावतं. समजा द्रावणातलं ९९.९ टक्के प्रोटीन सुटं आहे आणि ०.१ टक्का हजार-हजारांच्या गोळ्यांत अडकलंय. अतिनील डिटेक्टरला गोळ्यांचं शिखर मुख्य शिखराच्या हजाराव्या भागाएवढं दिसेल, म्हणजे दिसणारच नाही. लेझरला? गोळ्यांचं वजन हजारपट, प्रमाण हजारांश, गुणाकार एक. दोन्ही शिखरं बरोबरीची! प्रत्यक्षात इतके मोठे गोळे सगळ्या कोनांत सारखा प्रकाश टाकत नाहीत, पुढच्या बाजूला जास्त टाकतात, त्यामुळे आकडा थोडा इकडे-तिकडे होतो. पण हा लोचाही कामाचाच आहे. कोणत्या कोनात किती प्रकाश यावरून गोळ्याची त्रिज्या काढता येते, साधारण १० नॅनोमीटरच्या वरची. त्याहून छोट्या रेणूंच्या बाबतीत सगळे कोन सारखंच बोलतात, तिथे आकारासाठी दुसरे उपाय योजावे लागतात.

हरभऱ्याच्या बाबतीत फार तर दूध फाटेल, सॉस खरखरीत लागेल. पण हेच औषधात झालं तर? केंब्रिजमध्ये १९७५ साली मिलस्टीन आणि कोहलर यांनी मोनोक्लोनल अँटिबॉडी बनवायची युक्ती शोधली, १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं, आणि आज कर्करोगापासून संधिवातापर्यंत त्या अँटिबॉडी टोचल्या जातात. एकेक रेणू दीडशे किलोडाल्टनचा, योगायोगाने माझ्या व्हिसिलिनच्या त्रिकुटाएवढाच. या कुप्या हलल्या, तापल्या, गोठून वितळल्या की अॅग्रीगेट होऊ शकतात, आणि शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा गोळ्यांना परका समजून औषधाविरुद्धच उठू शकते. म्हणून प्रोटीनची औषधं बाजारात आणताना अॅग्रीगेट किती हे दाखवावंच लागतं. मात्र चिकटणं नेहमी वाईट असंही नाही. इन्सुलिनचा रेणू जेमतेम ५.८ किलोडाल्टनचा. झिंकच्या सोबतीने सहा-सहा एकत्र येतात, आणि डोरोथी हॉजकिन यांनी ऑक्सफर्डमध्ये १९६९ साली त्या षट्काचीच रचना उलगडली. कुपीत ते षट्क टिकाऊ, रक्तात मात्र सुटं व्हायला हवं. १९९६ साली आलेल्या जलद इन्सुलिनमध्ये साखळीतले दोन अमिनो आम्लांचे मणी अदलाबदल केले, ते याचसाठी, जोड्या लवकर सुटाव्यात म्हणून. मला तर आता औषधाची प्रत्येक कुपी उजेडात धरून पाहायची सवय लागली आहे, डोळ्यांना काही दिसत नाही तरी.

लीड्समध्ये बसून हे सगळं करण्यात एक वेगळीच मौज आहे. क्रोमॅटोग्राफीसाठी १९५२चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं ते आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज लोकर उद्योगाच्या संशोधन संस्थेत, इथेच हेडिंग्लीत काम करत होते. लोकरीतली अमिनो आम्लं वेगळी करायला त्यांनी १९४१ साली सिलिका जेलचा कॉलम भरला, त्यात रंग बदलणारं मिथिल ऑरेंज घातलं आणि आम्लांचे पट्टे डोळ्यांनी उतरताना पाहिले. त्याच लेखात त्यांनी लिहून ठेवलं की मणी अगदी बारीक घेऊन दाब वाढवला तर काम फार चांगलं होईल. आज आमच्या पंपाचा दाब वाढला की सगळे धावतात, पण तत्त्व त्यांचंच. क्रिकेटसाठी हेडिंग्ली पाहायला जाणाऱ्या मराठी माणसांनी हेही लक्षात ठेवावं!

आणि विल्यम अॅस्टबरी! १९२८पासून लीड्समध्ये. लोकर, केस, पिसं यांच्या रेणूंवर क्ष-किरण टाकणारा माणूस. शिजवलेल्या अंड्याचा पांढरा भाग ताणून त्यावर क्ष-किरण टाकले आणि १९३५ साली पाहिलं की अस्ताव्यस्त झालेल्या प्रोटीनमध्येही एक शिस्त असते. अल्झायमरच्या रोगात मेंदूत साचणाऱ्या तंतूंची रचना त्याच जातीची. पुढचं ऐकून तर मी हसतच सुटले. अॅस्टबरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शेंगदाण्याचं प्रोटीन युरियात उलगडून त्याचे धागे काढले, आयसीआय कंपनीने त्याचं कापड केलं, नाव 'आर्डिल', आणि अॅस्टबरी शेंगदाण्याचा ओव्हरकोट घालून हिंडायचा! कारखाना स्कॉटलंडमध्ये डम्फ्रीजला होता, १९५७ साली बंद पडला. शेंगदाण्याचं प्रोटीन आणि माझं लेग्युमिन चुलतभावंडं. म्हणजे मी ज्याला अॅग्रीगेट म्हणून नाकं मुरडते त्याचा कोट या गावात घातला गेलाय.

उधळणाऱ्या प्रकाशाचं कूळही इंग्लंडातलंच. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी १८६९ साली काचेच्या लांब नळीत वाफ भरून तिच्यातून प्रकाशझोत नेला. सुरुवातीला तयार झालेले अतिसूक्ष्म कण बाजूने पाहिले तर निळे दिसले, आकाशासारखे. दोन वर्षांनी लॉर्ड रॅली यांनी त्याचं गणित मांडलं. तेच गणित माझ्या यंत्राच्या पोटात आहे. आणि मग तेच रामन, ज्यांनी कमलाबाईंना दारातून परत पाठवलं होतं! १९२१ साली विलायतेहून परतताना भूमध्य समुद्राची निळाई पाहून ते अस्वस्थ झाले, बोटीवरच प्रयोग केले, आणि समुद्राचा रंग हे आकाशाचं नुसतं प्रतिबिंब नसून पाण्याच्या रेणूंनी उधळलेला प्रकाश आहे असं टिपण 'एस. एस. नरकुंडा' मुंबई बंदरात असताना 'नेचर'ला पाठवलं. 'रामन परिणाम' त्यानंतर सात वर्षांनी. रेणूंनी उधळलेल्या प्रकाशावरून त्यांचं वजन काढायची पद्धत १९४४ साली डिबाय यांनी पॉलिमरवर बसवली. डाळीच्या प्रोटीनवर झगडणारी बाई आणि उधळलेल्या प्रकाशाने झपाटलेला बुवा एकाच संस्थेत होते. त्यांच्यातलं वैर बाजूला ठेवलं तर माझं यंत्र म्हणजे त्या दोघांच्या कामांची बेरीज आहे. कमलाबाईंना हे मिळालं असतं तर? हा प्रश्न मनातून जात नाही.

मॅल्सचा चुलत प्रकार म्हणजे प्रकाशाचा थरथराट मोजून रेणूचा आकार काढणं, डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग. त्यातली महत्त्वाची यंत्रं इंग्लंडातल्या माल्वर्न गावात घडली. तिथे १९४२पासून रडारचं संशोधन चाले, त्याच सरकारी प्रयोगशाळेतल्या लोकांनी पुढे एकेक फोटॉन मोजणारी यंत्रणा तयार केली. आता ही दोन्ही मापं एकाच कॉलमच्या मागे जोडतात. त्याच प्रवाहाला क्ष-किरणही लावता येतात, हारवेलच्या डायमंड सिंक्रोट्रॉनवर तशी सोय आहे. माझा तिथे नंबर कधी लागेल देव जाणे.

एवढं कौतुक केलं तर यंत्राचे नखरेही सांगायला हवेत. लेझरला धूळ चालत नाही. कुणी बफर घाईत बनवलं, गाळलं नाही, की पडद्यावर दाढीसारखे केस उगवतात. कॉलम नवा असेल तर त्यातूनच मण्यांचे कण सुटतात, म्हणून आदल्या रात्रीपासून बफर सोडून ठेवायचं. अपवर्तनांकाच्या डिटेक्टरला तर खोलीचा हीटर सुरू झालेलाही कळतो, बेसलाइन लगेच वाहायला लागते. आणि सर्वांत मोठी मर्यादा कॉलमचीच. फार मोठे गोळे वरच्या जाळीतच अडकतात, सैलसर चिकटलेले कॉलममधल्या पाण्याने पातळ होऊन सुटतात, काही मण्यांना कायमचे बिलगतात. म्हणजे लेझर प्रामाणिक असला तरी त्याच्यापर्यंत पोचतं तेवढंच तो पाहणार. म्हणून निकाल ताडून पाहायला कॉलमविना चालणारी पद्धत हवी, जशी अॅनॅलिटिकल अल्ट्रासेंट्रिफ्यूज. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या सटन बॉनिंग्टन आवारात स्टीफन हार्डिंग यांच्या केंद्राने असं दोन्ही बाजूंनी ताडून पाहायचं काम अनेक वर्षं केलंय. तिथे श्लेष्म्यातल्या म्युसिनसारख्या अवाढव्य, लांबट रेणूंची वजनंही काढली, ज्यांच्यापुढे अँड्र्यूज यांच्या आलेखाने कधीच हात टेकले असते.

माझी टेक्निशियन बाई पक्की व्यवहारी. मी भारावून बोलत असताना तिने विचारलं, "रिकव्हरी किती आली?" म्हणजे जेवढं प्रोटीन सोडलं त्यातलं किती परत आलं. मी पाहिलं, नव्वदच्या वर होतं. "मग नाच आता," ती म्हणाली. रिकव्हरी साठ-सत्तर टक्के असती तर सगळ्यात महत्त्वाचे गोळे कॉलममध्येच राहिले असण्याची शक्यता होती, आणि सुंदर सपाट रेघ असूनही नाचायचं कारण नव्हतं. हा प्रश्न आता मी प्रत्येक लेखातल्या प्रत्येक आलेखाला विचारते. बरेच आलेख गप्प राहतात.

पुण्या-मुंबईत, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरात प्रोटीनवर काम करणाऱ्या मुला-मुलींनो, तुमच्याकडे एकच देखणं शिखर असेल आणि गाइड "शुद्ध आहे, पुढे जा" म्हणत असतील, तर एकदा तरी हा लेझर गाठा. आपल्याकडच्या जैवऔषध कंपन्यांत आणि मोठ्या संस्थांत ही यंत्रं आहेत, विचारा, फी भरा, ओळख काढा. जाताना बफर ०.१ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून न्या, नमुना त्याच बफरमध्ये रात्रभर डायलिसिस करून न्या, आधी बोव्हाइन सिरम अल्ब्युमिन सोडायला सांगा: ६६ला सपाट रेघ आणि तिच्या अलीकडे जोडीची छोटी १३३ची रेघ दिसली की यंत्र ठीक आहे. मग आपला नमुना सोडा, आणि अतिनीलचा आलेख जिथे रिकामा दिसतो, तिथे लेझरचा आलेख आधी पाहा.